हिंग आणि शेवटचे अकरा किलोमीटर

...आणि वर हसून सांगतात हो, हे वाटेत भेटणारे लोक. मला ते हसणंच जास्त लागतं. समोरून सत्तरीची एक बाई येते, हातात दोन काठ्या, गालांवर लाली, पाठीवर डबा मावेल एवढीशी पिशवी, आणि पाठीवर चौदा किलो घेऊन वाकलेल्या माझ्याकडे बघून ती अगदी प्रेमाने म्हणते, "ऑलमोस्ट देअर!" कुठे देअर? तुम्हाला सांगते, अठ्ठ्याहत्तर किलोमीटरची ती वाट, रॉकीजमधली, सहा दिवसांची, आणि मला पहिलं 'ऑलमोस्ट देअर' मिळालं ते पहिल्या दिवशी, चौथ्या किलोमीटरला. म्हणजे चौऱ्याहत्तर शिल्लक असताना. आपल्याकडे निदान चुलत सासू तरी म्हणते, "आता काय, थोडंच राहिलंय," आणि तिला माहीत असतं की ती खोटं बोलतेय, आपल्याला माहीत असतं की ती खोटं बोलतेय, सगळं कसं नीट चालतं. हे लोक मनापासून बोलतात.

तर मी चित्रा. राहते परदेशात, कनाटा नावाच्या उपनगरात, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. म्हणजे दुसऱ्यांचं काम पूर्ण झालंय की नाही हे तपासायचा मला पगार मिळतो. आता हे ऐकून माझा नवरा परीक्षित हसतो, कारण आमच्या घरात पूर्ण न झालेल्या गोष्टींची मालकीण मीच. बेसमेंटमध्ये अर्धी रंगवलेली भिंत आहे. ड्रायव्हिंगचं लायसन्स आहे, पण हायवेची शेवटची परीक्षा द्यायची राहिली आहे. सरकारी नोकरीसाठी फ्रेंच शिकत होते, ते 'मी एक सफरचंद खाते' इथपर्यंत आलं आणि थांबलं. पोहायचा क्लास लावला होता, दहापैकी पाच वेळा गेले, मग विंटर आला. विंटर दर वर्षी येतो हे मला माहीत होतं, पण तरी.

आणि एक गोष्ट सांगते, ती हसण्यावारी नेऊ नका. ऊर्मीच्या वेळी मी एकोणीस तास कळा दिल्या. नर्स दर तासाला येऊन सांगायची, "ऑलमोस्ट देअर, मॉम." एकोणीस तास. आणि मग सिझर. पोरगी छान, मी छान, डॉक्टर म्हणाली, यू डिड ग्रेट. पण माझं मन मेलं असं आहे ना... त्याने तेसुद्धा त्या बेसमेंटच्या भिंतीशेजारी नेऊन ठेवलं. अर्धवटच्या यादीत.

तरी मी हे सगळं घेऊन सुखात जगत होते. घोटाळा झाला तो एप्रिलमध्ये, ऊर्मीच्या स्विमिंग क्लासला. चार वर्षांची पोर, कमरेला तो फुगा बांधलेला, या टोकापासून त्या भिंतीपर्यंत जायचं, आणि ती मधेच थांबली. शिकवणारा मुलगा म्हणाला, "कम ऑन ऊर्मी, टच द वॉल." तर ही त्याला अगदी समजुतीच्या सुरात, म्हणजे त्यालाच धीर देत सांगते, "इट्स ओके. इन अवर फॅमिली वी डू हाफ. मम्मा ऑल्सो डझ हाफ."

बाकावर बसलेल्या सगळ्या आया हसल्या. मीही हसले. मग वॉशरूममध्ये गेले आणि तिथे पाच मिनिटं हात धुतले.

त्याच आठवड्यात यशोधराचा फोन आला. यशोधरा माझी नागपूरची कॉलेजची मैत्रीण, आता रेजिनात सरकारी नोकरी करते. रेजिना म्हणजे पोळपाट. तिथे टेकडी म्हणून जे दाखवतात त्याला आपण स्पीडब्रेकर म्हणू. तिला डोंगर चढायचा होता. तिच्या ओळखीचा मार्कहॅमचा जयदीप आणि त्याची बायको चैत्राली ट्रेक ठरवत होते, परमिट चौघांचं होतं, एक जागा रिकामी होती. मी विचार न करता हो म्हणाले. विचार केला असता तर अर्धाच केला असता.

आता जयदीप. जयदीप प्रोजेक्ट मॅनेजर आहे. ऑफिसात आहे, घरात आहे, झोपेतही असावा. सहा दिवसांची त्याने एक्सेल शीट केली होती, तिच्यात 'रिस्क' नावाचा वेगळा रकाना, आणि रोज सकाळी सात वाजता, अजून दात घासलेले नाहीत, केसांत पाइनचे काटे, हा टाळ्या वाजवून ऑफिससारखी उभ्याउभ्या मीटिंग घ्यायचा, "टीम, क्विक स्टँडअप. काल काय झालं, आज काय करणार, काही ब्लॉकर्स?" माझे गुडघे, मी म्हणायचे. तो टिपून घ्यायचा. चैत्राली कधी काहीच बोलायची नाही, ती पळणारी बाई आहे, मॅरेथॉनवाली, तिच्याशी बोलायला जावं तर ती पुढच्या वळणावर असायची.

आणि परीक्षितने मला निघताना एक सॅटेलाइटचं यंत्र दिलं. डोंगरात फोन लागत नाही ना. त्यात तीन मेसेज आधीच भरलेले, एक बटण दाबायचं की जातात. पहिला, 'सगळं ठीक.' दुसरा, 'उशीर होतोय, काळजी करू नका.' आणि तिसरा, 'न्यायला ये.' मी विचारलं, तिसरा कशाला? तर म्हणतो, "असू दे गं, लागेल." बघा. लागेल. लागला तर, असं नाही. त्या क्षणी मी ठरवलं की जीव गेला तरी तिसरं बटण दाबायचं नाही. ऊर्मी आणि तो वाट संपते त्या गावातल्या मोटेलमध्ये राहणार, सहाव्या दिवशी पार्किंग लॉटमध्ये येणार, आणि मी जंगलातून स्वतःच्या पायांनी बाहेर येणार. ऊर्मीला बोट धरून दाखवणार, बघ, ही आपली फॅमिली. आपण पूर्ण करतो.

पाच दिवस गेले. ते मी सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं माझ्या बाजूने काही नाही. बुटाच्या पट्ट्या एका खारीसारख्या जाड्या प्राण्याने खाल्ल्या, टाचेला चार रुपयांच्या नाण्याएवढा फोड आला... आता चार रुपयांचं नाणं नसतं हे मला कळतंय, पण तुम्ही तो फोड बघितला नाहीत. मुद्दा पाचव्या दिवसाचा आहे. दुपारी आम्ही शेवटच्या कॅम्पवर पोचलो. अकरा किलोमीटर राहिले होते. तिथे पार्कची रेंजर परमिट तपासत होती, उंच, सोनेरी वेणी, चेहरा अगदी शाळेच्या बाईंसारखा. माझ्या सॅकजवळ आली आणि थांबली. नाक वर केलं.

"इज समवन कुकिंग?"

कोणीच शिजवत नव्हतं. ती सॅकभोवती एक प्रदक्षिणा घालून आली. मग म्हणाली, "मॅम, व्हॉट इज इन युवर बॅग?"

वरचा कप्पा उघडला. आणि मला वाटतं, त्या दरीच्या पलीकडच्या बाजूपर्यंत गेला असेल वास. हिंग. आमची डबी, पिवळी, झाकण निघालेलं, सगळा हिंग कप्प्यात, मोज्यांत, टोपीत, सनस्क्रीनच्या ट्यूबवर, सगळीकडे. तेव्हा मला कळलं की गेले तीन दिवस मला आमटीची स्वप्नं का पडत होती.

आता तुम्ही विचाराल, डोंगरात हिंग कशाला? फोडणी द्यायला नव्हता हो. ऊर्मी दोन महिन्यांची असल्यापासून माझ्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात हिंगाची डबी असते. पोट फुगलं, रडायला लागली, की पाण्यात कालवून बेंबीभोवती लावायचा. सासूबाईंनी सांगितलं, आईने सांगितलं, दोघी आयुष्यात तेवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झाल्या. पिशव्या बदलल्या, डायपर गेले, ऊर्मी पिझ्झा खायला लागली, डबी तशीच एका पिशवीतून दुसरीत जात राहिली. सॅक भरताना माझ्या हाताने ती आपोआप वरच्या कप्प्यात टाकली. मूल मोटेलमध्ये, हिंग माझ्याबरोबर.

मी रेंजरला समजावून सांगितलं. "इट इज फॉर बेबीज बेली बटन."

ती बिचारी इकडेतिकडे बघायला लागली. "व्हेअर इज द बेबी?"

"शी इज फोर. शी इज इन द मोटेल."

रेंजरने परमिटवरची नावं पुन्हा एकदा मोजली. तिच्या ट्रेनिंगमध्ये हे नसावं. आता त्या भागात नियम असा की ज्याला ज्याला वास आहे ते सगळं रात्री लोखंडी लॉकरमध्ये ठेवायचं, टूथपेस्टसुद्धा, नाहीतर अस्वल येतं. माझी सॅक, माझे मोजे, माझी टोपी, माझे केस, सगळ्याला वास. नियमाने बघायला गेलं तर मलाच लॉकरमध्ये ठेवायला हवं होतं. मी तिला विचारलं, अस्वलांना हिंग आवडतो का हो? ती प्रामाणिक बाई. म्हणाली, "ऑनेस्टली, आय डोंट नो. नोबडी हॅज एव्हर ब्रॉट इट."

पुरायचा नाही, जाळायचा नाही, टाकायचा नाही. जे आणलं ते परत न्यायचं. मी म्हटलं थांबा, माझ्याकडे उपाय आहे, आणि दुसऱ्या कप्प्यातून डायपर टाकायच्या पिशव्या काढल्या. त्याही होत्याच, अर्थात. तीन पिशव्यांत डबी बांधली, मोजे बांधले, टोपी बांधली. मग लक्षात आलं की त्या पिशव्या लॅव्हेंडरच्या वासाच्या आहेत. आता हिंग अधिक लॅव्हेंडर. यशोधरा म्हणाली, "वा बाप्पा, आता अस्वल येईन तर दोन प्लेटा मागन."

जाताना रेंजरने आणखी एक सांगितलं. पुढच्या वाटेवर बेरी पिकल्या आहेत, दोन दिवसांपूर्वी तिथे एक काळं अस्वल दिसलंय, तेव्हा शेवटचा टप्पा कमीत कमी चौघांनी मिळून चालायचा, एकत्र, आणि सतत आवाज करत. आणि मग तिने मान वाकडी केली, हसली, आणि म्हणाली... बरोबर. ऑलमोस्ट देअर.

सहाव्या दिवशी सकाळी निघालो. दोन किलोमीटरवर एक फाटा आहे, तिथून जंगलखात्याचा कच्चा रस्ता फुटतो, त्याच्या फाटकापर्यंत गाडी येते. तिथे जयदीपने टाळ्या वाजवल्या.

"टीम, क्विक स्टँडअप. चित्रा, नथिंग पर्सनल. बट तू आत्ता हायेस्ट रिस्क आयटम आहेस. बेरी पॅच, बेअर साइटिंग, आणि तू म्हणजे... लेट्स फेस इट, तू फोडणी आहेस. तू परीक्षितला मेसेज कर, तो तुला इथून पिक अप करेल. एकोणसत्तर किलोमीटर झालेत की. इट इज मोर दॅन एनफ."

आता खरं सांगू? कोणाला सांगू नका. मला आधी बरं वाटलं. टाच जळत होती, गुडघा प्रत्येक उतरणीला माझ्याशी भांडत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला अर्धवट सोडायला एवढं सुंदर कारण मिळालं होतं. अस्वल! बेसमेंटच्या भिंतीला अस्वल नव्हतं. फ्रेंचला नव्हतं. ह्यात माझी चूकच नाही, मी तर लोकांचा जीव वाचवण्यासाठी थांबले, काय त्याग. यंत्र हातात घेतलं. अंगठा तिसऱ्या बटणावर ठेवला. 'न्यायला ये.'

आणि मला दिसलं, परीक्षित मेसेज वाचतोय, त्याला आश्चर्य वाटत नाहीये. ते मी सहन केलं असतं. मग दिसलं, ऊर्मी विचारतेय, बाबा, व्हेअर इज मम्मा, आणि तो सांगतोय, आपण आणायला चाललोय. आणि तिलाही आश्चर्य वाटत नाहीये. ती कार सीटमध्ये बसून खिडकीबाहेर बघत म्हणतेय, इट्स ओके. वी डू हाफ.

अंगठा काढला. म्हटलं, "जयदीप, रेंजर काय म्हणाली? कमीत कमी किती जण?"

"चार."

"मी गेले तर किती उरता?"

 यशोधरा चिडली की तिचं नागपूर बाहेर येतं, ती खाली दगडावर बसली आणि म्हणाली, "काहून गप्प बसला आता? मोज ना बोटं. तिले पाठवतं तर तुलेही परत जावं लागन. टाक तुझ्या एक्सेलात."

तुम्हाला सांगते, मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर एक्सेल शीट हँग होताना बघितली. मी रिस्कही होते आणि कोरमही. चैत्राली, सहा दिवसांत पहिल्यांदा, एक पूर्ण वाक्य बोलली. "चल रे, ऊन वाढतंय."

निघालो. मी सगळ्यात शेवटी, दहा पावलं मागे, कारण वाऱ्याची दिशा. आणि आवाज सतत करायचा. आता पाच दिवस आवाज करून करून आमचं सगळं संपलं होतं. गाणी संपली, भेंड्या संपल्या, ऑफिसातल्या लोकांची नावं घेऊन शिव्या देऊन झाल्या. मग मला आठवले पाढे. मी मोठ्याने सुरू केलं. बेचा झाला, बाराचा झाला, एकोणीसचा झाला, उतार संपला आणि दोन्हीकडे बेरीची झुडपं सुरू झाली, आणि मी पोचले एकोणतीसवर. एकोणतीस! शाळेत मला तो कधी पूर्ण आला नाही. एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर, आणि पुढे अंधार. बाईंनी हात पुढे करायला लावला होता, तरी अंधार.

"एकोणतीस पंचे एकशे पंचेचाळीस," मी ओरडतेय, "एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर..."

आणि उजवीकडचं झुडूप हललं.

जयदीप पुतळा झाला. चैत्राली, मॅरेथॉनवाली, तीही पुतळा. यशोधरा पुटपुटली, "आवाज कर, आवाज कर, थांबू नको." आणि माझ्या डोक्यात दुसरं काहीच नाही हो, देव नाही, नवरा नाही, फक्त तो भिकारडा पाढा. एकशे चौऱ्याहत्तर आणि एकोणतीस किती? चौऱ्याहत्तर आणि तीस एकशे चार, वजा एक... "एकोणतीस साती दोनशे तीन!" मी किंचाळले. "आठी दोनशे बत्तीस! नवे दोनशे एकसष्ट! दाहे दोनशे नव्वद!"

झुडपातून एक भलंमोठं काळं ढुंगण बाहेर आलं आणि वरच्या उतारावर जे पळत सुटलं, फांद्या मोडत, मागे वळून न बघता...  मग यशोधरा म्हणाली, "गणितालेच भेलं ते, बाप्पा."

हिंगाला की पाढ्याला, ते त्या अस्वलालाच माहीत. जयदीपने फोन काढला, काहीतरी टाइप केलं, आणि म्हणाला, "ओके. रिस्क क्लोज्ड." आणि पुढचे चार किलोमीटर तो माझ्या मागे चालत होता. अगदी चिकटून. वाऱ्याची दिशा वगैरे कुठे गेली कोण जाणे.

समोरून लोक येतच होते. ताजे, इस्त्रीचे, साबणाच्या वासाचे. "ऑलमोस्ट देअर!" सात किलोमीटरला. "ऑलमोस्ट देअर!" चार किलोमीटरला. दोन किलोमीटरला एकजण म्हणाला, "जस्ट अराउंड द कॉर्नर," आणि तो कॉर्नर चाळीस मिनिटांचा निघाला. पण एक सांगते, मी चालत होते. टाच, गुडघा, खांदे, सगळे ब्लॉकर्स घेऊन. कुठल्यातरी वळणावर मी स्वतःशीच म्हणायला लागले होते, आता काय, थोडंच राहिलंय... आणि खोटं बोलणारी मी, ऐकणारी मी, दोघींनाही ते पटत होतं.

मग झाडं विरळ झाली आणि गाड्यांची टपं चमकली. आणि त्यांच्यामधून एक गुलाबी टोपी धावत आली. मी सॅक फेकली, गुडघ्यावर बसले, ती येऊन धडकली, आणि मी रडले. सहा दिवसांचं रडले, मला वाटतं, त्यात चार वर्षांपूर्वीचंही थोडं होतं. ऊर्मीने माझ्या मानेत नाक खुपसलं, आणि म्हणाली, "मम्मा, यू स्मेल लाइक व्हेन माय टमी हर्ट्स."

परीक्षित जवळ आला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, मग हळूच काढून वास घेतला. मग म्हणाला, "तिसरा मेसेज आला नाही."

"नाही आला," मी म्हटलं.

इथे संपायला हवं होतं, नाही का? जयदीपने बूट काढले, चैत्रालीने चिप्स फोडले, यशोधरा गवतावर आडवी. आणि ऊर्मी इकडेतिकडे बघून विचारते, "बट व्हेअर इज द एंड?"

"हाच एंड, बाळा."

"नो. बाबा शोड मी. द एंड हॅज अ पोस्ट."

तर म्हणे वाट संपल्याचा लाकडी खांब पार्किंग लॉटमध्ये नाहीच. ओढा ओलांडून पलीकडे, जुन्या चौकीपाशी. सहाशे मीटर. जयदीप चप्पल घालता घालता म्हणाला, "टेक्निकली धिस इज द एंड, चित्रा. एक्सेलमध्ये मी इथेच क्लोज केलंय." आणि ऊर्मीने माझ्याकडे वर बघितलं. रागाने नाही, अगदी समजुतीने. "मम्मा, डिड यू डू हाफ?"

उठले. काय करणार? चौदा किलोची सॅक तिथेच ठेवली, पोरीचं बोट धरलं, निघालो. चाळीस पावलं झाली. मग ती थांबली आणि दोन्ही हात वर केले. अठरा किलो. सॅकपेक्षा चार जास्त, आणि सॅक कानात लाथा मारत नाही. तिला खांद्यावर घेतलं, ओढ्यावरचा पूल ओलांडला, टाच नावाचा अवयव मला होता हे विसरले, आणि वरून, माझे केस लगामासारखे धरून, ती काय म्हणाली असेल?

"ऑलमोस्ट देअर, मम्मा."

खांबाला हात लावला. आधी तिने, मग मी. पूर्ण अठ्ठ्याहत्तर, वर सहाशे मीटर, आणि गाडीपर्यंत परतीचे सहाशे, ते कोणी धरतच नाही.

आता तुम्हाला वाटेल, पोरगी काहीतरी शिकली. मलाही वाटलं. पुढच्या शनिवारी स्विमिंगला गेलो, मी बाकावर, इतर आयांमध्ये जरा ताठ बसलेली. ऊर्मी निघाली, हात मारत, पाय मारत, निम्म्यावर आली आणि थांबली. शिकवणारा मुलगा म्हणाला, "टच द वॉल, ऊर्मी." तिने मान वर केली, सगळ्या पूलभर मला शोधलं, दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "मम्मा, कॅरी मी टू द एंड!"

म्हणजे एवढे डोंगर तुडवून पोरीने शिकून काय घेतलं, तर शेवटचा टप्पा आईच्या खांद्यावर बसून करायचा असतो. तो मुलगा माझ्याकडे बघून हसला. "यू वाँट टू हॉप इन, मॉम?"

तर आता माझा तो राहिलेला क्लास पुन्हा सुरू केलाय. पाच झाले होते, पाच राहिलेत. परवा सहावा झाला. नाकात पाणी गेलं, कानात गेलं, पूलच्या मधोमध मी खांबासारखी उभी, आणि काठावर ऊर्मी, पाय हलवत, हातात माझा टॉवेल, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला धीर देतेय.

आता काय, थोडंच राहिलंय.